जळते ते गवत कोणाचे?

(भडगाव येथे शेतकरी, शेतमजूर व विद्यार्थी यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर.)

आजच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘गवत’ हा विषय पाहून आपल्यापैकी काहींना गंमत वाटली असेल. कापसाचा भाव, केळीचा विमा, गिरणेचे आवर्तन असे जिव्हाळ्याचे प्रश्न समोर असताना गवतावर तासभर बोलावयाचे म्हणजे वेळेचा अपव्यय, असेही कोणाच्या मनात आले असेल. मी त्यांना दोष देत नाही. गवत ही वस्तूच अशी आहे की ती असते तेव्हा कोणी तिच्याकडे पाहत नाही आणि नसते तेव्हा छावणीच्या दारात रांगा लागतात. १९७२ च्या दुष्काळात ज्यांनी आपली दावणीची जनावरे मातीमोल किमतीने विकली, त्यांच्या घरी हा विषय गमतीचा वाटणार नाही.

फाल्गुन लागला की आपल्याकडे तीन ठिकाणी धूर दिसू लागतो. पहिला धूर शेताच्या बांधावर. दुसरा गावच्या गायरानावर. आणि तिसरा दूर, दक्षिणेकडे, अजिंठ्याच्या डोंगररांगेवर. कजगावहून रात्रीच्या गाडीने चाळीसगावकडे जाताना डाव्या हाताला डोंगराच्या कडेवर आगीची एक वाकडीतिकडी रेघ हळूहळू वर सरकताना मी लहानपणापासून पाहत आलो आहे. लहानपणी ती दिवाळीच्या पणत्यांसारखी वाटे. पुढे कळू लागले की तेथे कोणाचा तरी वर्षाचा चारा जळत आहे.

ही आग कोण लावतो, का लावतो आणि दरवर्षी लावल्याने तेथे उगवणाऱ्या मूळच्या गवताचे काय होते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे. यातला तिसरा प्रश्न वनस्पतिशास्त्राचा आहे आणि पहिले दोन अर्थशास्त्राचे. आपले दुर्दैव असे की वनस्पतिशास्त्र जाणणारे बहुधा अर्थशास्त्राकडे पाहत नाहीत, आणि आपल्यासारखी चळवळीतली माणसे गवताकडे पाहत नाहीत.

प्रथम जाळणाऱ्याची बाजू ऐकू या, कारण तो अडाणी आहे असे समजून सुरुवात केली तर पुढचे सगळेच चुकते. माझे वडील दरवर्षी बांध पेटवीत. "बांध चेटाडी दे, पाऊस पडना का हिरवंगार व्हई," हे त्यांचे ठरलेले वाक्य. आणि ते खोटे नव्हते. जळालेल्या बांधावर आठ-पंधरा दिवसांत, पावसाचा थेंबही पडलेला नसताना, पोपटी कोंब वर येत. मेंढपाळ आणि गुराखी नेमके याच कोंबांसाठी माळ पेटवितो. उन्हाळ्यात उभे असलेले पिवळे गवत जनावराच्या पोटात जाऊनही अंगी लागत नाही. फुलोऱ्यात असताना त्यात सात-आठ टक्के प्रथिने असतात, ती वाळून उभे राहिल्यावर दोन-तीन टक्क्यांवर येतात. अशा गवतावर गाय जगते, दूध देत नाही. त्याच गवताला काडी लावली तर थोडा का होईना, कोवळा आणि सकस चारा ऐन चैत्रात मिळतो. याशिवाय गोचीड मरते, साप-विंचू दिसतात, रानडुकरांना लपायला जागा राहत नाही. सातपुड्यात मोहाची फुले वेचण्याआधी झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेही असेच हिशेबी काम आहे. वेचणाऱ्या बाईला दिवसाकाठी किती फुले सापडतात यावर तिचे मीठ-मिरची ठरते.

आता गवत हे सगळे सहन कसे करते? झाडाचा कोंब फांदीच्या टोकाला असतो. तो खुडला की फांदीची वाढ खुंटते. आपल्या माळावरच्या बहुवर्षायू गवतांचा वाढता डोळा मात्र जमिनीलगत किंवा जमिनीच्या किंचित खाली, जुन्या पात्यांच्या बुडख्यात दडलेला असतो. गवताच्या वणव्याची ज्वाळ उंच उठते, झपाट्याने पुढे जाते, आणि जमिनीत बोटभर खाली तिची आच फारशी पोहोचत नाही. वर जळते ते मेलेले पान. डोळा जिवंत राहतो. जुना पेंढा हटल्याने त्याला ऊन मिळते, काळी पडलेली जमीन लवकर तापते, आणि मुळाशी साठवून ठेवलेल्या अन्नावर तो फुटतो. हजारो वर्षे आग, दुष्काळ आणि खुरे यांच्याशी झुंजून गवताने मिळविलेली ही शक्ती आहे.

पण हा पोपटी फुटवा कशावर येतो, हे नीट लक्षात घ्या. तो पावसावर येत नाही, कारण पाऊस अजून दोन-तीन महिने दूर असतो. तो येतो मुळातल्या शिलकीवर. शेतकऱ्याने बियाण्यासाठी राखलेली ज्वारी चैत्रात दळून खावी, तसा हा प्रकार आहे. कोंब वर आला, त्याने पान पसरले आणि चार आठवडे ऊन खाऊन मुळाला परतफेड केली, तर हिशेब जुळतो. परंतु जाळणाऱ्याने जाळले आहे ते कोंब खाण्यासाठीच. बोटभर वर आला की शेळी तो खुडते, दुसरा आला की दुसरा खुडते. जूनमध्ये पाऊस पडतो तेव्हा मुळाची शिल्लक संपलेली असते. एक वर्ष असे झाले तर गवत सावरते. दोन वर्षांनी जुडगा बारीक होतो. दहा वर्षे, वीस वर्षे हेच चालले तर त्या माळावर गवत राहते, पण तेच गवत राहत नाही.

‘तेच गवत राहत नाही’ या चार शब्दांत सगळा विषय आहे, म्हणून येथे थोडा थांबतो.

झाशी येथे १९६२ साली भारतीय गवताळ भूमी व चारा संशोधन संस्था स्थापन झाली. तेथील दबडघाव आणि शंकरनारायण या दोन शास्त्रज्ञांनी देशभरातील गवतांची पाहणी करून १९७३ मध्ये भारताच्या गवत-आवरणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी देशातील गवताळ प्रदेशाचे पाच प्रकार पाडले. त्यांपैकी दख्खन व मध्य भारताचा प्रकार, म्हणजे आपला, हा पवन्या आणि मारवेल या दोन गवतांच्या नावाने ओळखला जातो. मुरमाड उतारावर पवन्या, खोल काळ्या जमिनीत मारवेल. ही आपली मूळची श्रीमंती. पवन्याची पेंढी गुरे आवडीने खातात. मारवेल तर इतके गुणी की राहुरीच्या कृषी विद्यापीठाने त्याचे निवडक वाण लागवडीसाठी दिले आहेत. आपल्या बांधावर फुकट उगवणारे गवत आपण जाळतो आणि त्याचीच ठोंबे विद्यापीठातून आणतो, हा आपला व्यवहार!

या गवतावर वर्षानुवर्षे आग आणि चराई यांचा मारा झाला की पवन्या-मारवेल मागे हटतात आणि कुसळी पुढे येते. कुसळीला आपण सगळेच ओळखतो. धोतराला, साडीला, मेंढीच्या लोकरीला चिकटते ती. तिच्या बियाचे टोक भाल्यासारखे अणकुचीदार, आणि मागे पीळ घातलेले लांब कुसळ. हवेतला ओलावा बदलला की ते कुसळ वळते, उलगडते, पुन्हा वळते, आणि गिरमिटाने लाकडाला भोक पाडावे तसे बी स्वतःला जमिनीत रुतवून घेते. डिसेंबरात बी गळते, फेब्रुवारीपर्यंत ते मातीत शिरलेले असते. मग वणवा आला तरी त्याच्या डोक्यावरून जातो. पवन्यालाही कुसळ आहे, मारवेललाही बारीकसे आहे, पण या गिरमिटाची सर त्यांना नाही. ज्यांचे बी वरच्या पेंढ्यात अडकून राहिले, ते पेंढ्याबरोबर जळते. शिवाय आगीने मोकळी केलेली उघडी जमीन कुसळीच्या रोपांना मानवते. ऑस्ट्रेलियात याच जातीच्या गवतावर झालेल्या प्रयोगांत तर धुरानेदेखील तिच्या बियाची उगवण वाढलेली आढळली.

कुसळी कोवळी असताना गुरे खातात, हे खरे. पण एकदा ती फुलावर आली की तिची कुसळे जनावराच्या हिरड्यांत, डोळ्यांत, मेंढीच्या कातडीत शिरतात. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ उन्हाच्या वेळी मेंढी आडवी पाडून तिच्या अंगातली कुसळे एकेक करून उपटीत बसलेले आपण पाहिले असतील. मग कुसळीचा माळ निकामी झाला म्हणून तो पुन्हा पेटवावयाचा. पेटविला म्हणून पुन्हा कुसळीच यावयाची. सावकाराचे कर्ज फेडण्यासाठी दुसरे कर्ज काढावे तसे हे चक्र आहे. त्याहूनही खाली उतरण झाली की कुसळीही जाते आणि तीन कुसळांचे, वाऱ्याने उडणारे, बकरीसुद्धा तोंड न लावणारे हलके गवत उरते. त्यानंतर नुसता मुरूम.

याच क्रमात रोशा गवताचाही उल्लेख करावयास हवा. त्याच्या वासामुळे गुरे ते सहसा खात नाहीत, म्हणून चराईच्या माळावर ते टिकून राहते. एकेकाळी खानदेशचे रोशेल तेल मुंबईमार्गे थेट तुर्कस्तानात जाई आणि तेथे गुलाबाच्या अत्तरात भेसळ करण्यासाठी वापरले जाई. आपल्या डोंगरातल्या भट्टीवर घाम गाळणाऱ्याला त्या अत्तराचा वास कधी मिळाला नसेल, हे सांगावयास नकोच.

बांधाची गोष्ट थोडी निराळी आहे, आणि ती तुम्हा भडगावकरांना अधिक जवळची. तुम्ही बांध जाळता तो पुष्कळदा गवत यावे म्हणून नव्हे, तर तण जावे म्हणून. काळ्या जमिनीतला आपला वैरी कुंदा. पण कुंद्याचे खोड जमिनीत वीतभराहूनही खोल पसरलेले असते. वरची आग त्याच्या गावीही नसते. जळते ते बांधावरचे मारवेल, त्याचे बी, आणि बांध धरून ठेवणारी लहानसहान मुळे. म्हणजे शत्रूला सोडून मित्राला मारण्यासारखे झाले. पुढे जूनच्या पहिल्या सरीत उघडा बांध ढासळतो आणि शेजाऱ्याशी कज्जा सुरू होतो, तो वेगळाच. माझ्या वडिलांनी लावलेली आग एका वर्षी वाऱ्याने शेजारच्या खळ्यात गेली आणि त्या घरच्या कडब्याची गंजी तासाभरात राख झाली. वडिलांनी आपल्या गंजीतला अर्धा कडबा त्यांना दिला. पण दोन घरांतले बोलणे पुढे सात-आठ वर्षे बंद होते. त्या उन्हाळ्यात आमच्या बैलांना उसाचे वाढे विकत आणून घातल्याचे मला आठवते.

राखेविषयी आपल्याकडे मोठा समज आहे. राख म्हणजे खत, असे आपण म्हणतो. राखेत पालाश असते, चुना असतो, स्फुरदही असते. पण नत्र आणि गंधक हे धुराबरोबर आकाशात जातात, आणि आपल्या मुरमाड जमिनीत तुटवडा असतो तो नेमका नत्राचाच. जी राख उरते तिचेही काय होते? मार्चमध्ये जाळले, पाऊस जूनमध्ये येणार. मधले तीन महिने खानदेशचा वारा आपणास माहीत आहे. जी उडून जात नाही ती पहिल्या वळवाच्या पाण्याने ओढ्यात जाते. त्याहून मोठे नुकसान जमिनीचे. पेंढ्याचे पांघरूण असलेल्या जमिनीवर पावसाचा थेंब पडतो तेव्हा त्याचा मार पेंढ्यावर बसतो. उघड्या जमिनीवर तोच थेंब मातीचे कण उडवितो, ते छिद्रांत बसतात, वर पापडी धरते, आणि पाणी मुरण्याऐवजी वाहते. जेथे वर्षाला जेमतेम सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस, तेथे डोंगरावर न मुरलेले पाणी म्हणजे पायथ्याच्या विहिरीत न आलेले पाणी.

आता कोणी अभ्यासू मित्र म्हणेल, अमेरिकेतले शेतकरी तर दर वसंतात कुरणे जाळतात आणि त्यांचे गवत उत्तम येते. खरे आहे. कॅन्सस राज्यात कोंझा येथे १९७० च्या दशकापासून यावर शास्त्रशुद्ध प्रयोग चालू आहेत. दरवर्षी जाळलेल्या भूखंडावर उंच गवत जोमाने वाढते. मात्र गवताखेरीज इतर फुलझाडांच्या जाती घटतात. न जाळलेल्या भूखंडावर झुडपे शिरतात. पण तेथे जाळतात एप्रिलमध्ये आणि पाठोपाठ पाऊस येतो. जमीन उघडी राहते ती काही दिवस. आपल्याकडे ती शंभर दिवस उघडी राहते, तीही चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात. तेथेसुद्धा कोरड्या वर्षी जाळलेल्या कुरणाला ओलाव्याची झळ बसते. त्यांचे तंत्र आपल्या माळावर आणून ठेवणे म्हणजे विलायती कोट घालून नांगर धरणे होय.

येथवर ऐकून आपण म्हणाल, मग प्रश्न मिटला. आग वाईट, ती बंद करा. वनखाते दीडशे वर्षे हेच सांगत आले आहे. परंतु मित्रहो, एवढे सोपे ते नाही.

इंग्रजांच्या वनखात्याने साल वृक्षाच्या जंगलात वर्षानुवर्षे आग कडेकोट बंद ठेवून पाहिली. परिणाम असा झाला की आसाम-बंगालच्या ओलसर पट्ट्यात सालाची नवी रोपेच येईनात. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांत त्याच खात्याच्या अधिकाऱ्यांना तेथे मर्यादित आग पुन्हा सुरू करावी लागली. दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानात १९५४ पासून काही भूखंड दरवर्षी, काही दोन किंवा तीन वर्षांनी, निरनिराळ्या महिन्यांत जाळले जातात आणि काही मुळीच जाळले जात नाहीत. तेथे आणि त्या देशातील इतर प्रयोगांत दिसून आले की आग पूर्ण थांबविली तर झुडपे दाटतात आणि काही चांगली गवते आपल्याच मेलेल्या पेंढ्याखाली गुदमरून जातात. आपल्याकडे कर्नाटकात बिळिगिरीरंगन डोंगरात सोलिगा आदिवासी हिवाळ्याच्या अखेरीस, पाचोळ्यात थोडा ओलावा असताना, हलकी आग फिरवीत. अभयारण्य झाल्यावर ती प्रथा बंद पडली. त्यानंतर तेथे घाणेरीचे रान माजले, असे सोलिगा सांगतात आणि संशोधकांनाही त्यांच्या सांगण्यात तथ्य आढळले. तेव्हा प्रश्न आग की आग नाही, असा नाही. कोणत्या महिन्यात, किती वर्षांनी आणि जाळल्यानंतर त्या जागेवर गुरे केव्हा सोडली, असा तो आहे. तीन-चार वर्षांतून एकदा, थंडीच्या अखेरीस जाळून पुढचा एक पावसाळा विश्रांती दिलेला माळ आणि दर मार्चमध्ये जाळून दुसऱ्या आठवड्यात चारलेला माळ, या दोन्हींना ‘वणवा’ हा एकच शब्द लावणे म्हणजे विस्तव आणि आगलावेपणा यांत फरक न करणे.

दुसरीही एक चूक आपल्या मनात घट्ट बसलेली आहे. माळ म्हणजे उजाड झालेले जंगल, आणि गवत म्हणजे झाडे तोडल्यावर उरलेला कचरा, अशी आपली समजूत करून देण्यात आली. सरकारी दप्तरात तर कितीतरी माळांची नोंद पडीक जमीन अशीच आहे. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तेराव्या शतकापासूनच्या मराठी वाङ्मयात येणारे रानवनस्पतींचे उल्लेख तपासण्यात आले. त्यांतील बहुसंख्य वनस्पती खुल्या, गवताळ, काटेरी माळावरच्याच निघाल्या. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपूर्वीही या भूमीवर माळ होता आणि तो आपल्या हक्काने होता. त्या माळावर केवळ गवत नसते. मुसळीचे कंद असतात, वैशाखात पानाआधी फूल काढणारा कोळकांदा असतो, जमिनीला नत्र देणाऱ्या शेंगवर्गीय रानवेली असतात. कंदवाले जमिनीत सुरक्षित राहतात. शेंगवर्गीयांपैकी काहींचे टणक बी तर उष्णतेने तडकून लवकर उगवते. एखाददुसऱ्या आगीने यांचे बिघडत नाही. यांचे बिघडते ते दरसालच्या आगीने, आणि त्याहून अधिक वृक्षारोपणाच्या नावाखाली पवन्याचा उतार खणून तेथे खड्डे पाडल्याने. जाळलेले गवत परत येण्याची आशा असते. खणून काढलेले जुडगे पिढीभरात परत येत नाहीत.

आता मी मूळ प्रश्नाकडे येतो. डोंगरावर मार्च महिन्यात जाळण्याइतके गवत उभे राहतेच का? ज्या जिल्ह्यात चारा विकत घ्यावा लागतो तेथे हजारो पेंढ्यांचे गवत कापल्यावाचून उभे का वाळते? हा प्रश्न विचारल्यावाचून वणव्याची चर्चा म्हणजे पोलीस पंचनामा होय.

उत्तर इतिहासात आहे. १८७८ च्या वनकायद्याने आणि पुढे १९२७ च्या कायद्याने डोंगर राखीव झाले. गवत कापणे, गुरे चारणे आणि आग लावणे हे एकाच कलमाखालचे गुन्हे ठरले. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जंगलखात्याने शेतकऱ्याची गुरेढोरे कशी कोंडीत पकडली याचा जळजळीत हिशेब मांडला आहे. पुढे १९३० साली कायदेभंगाची चळवळ आली तेव्हा समुद्रकाठी लोकांनी मीठ उचलले. ज्या प्रांताला समुद्र नाही त्याने काय करावे? १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात जाऊन गवत कापले आणि अटक करून घेतली. गवताची एक पेंढी सरकारविरुद्धचे बंड ठरावी, इतके ते गवत कोणाचे हा प्रश्न जिव्हारी लागलेला होता. त्या जंगल सत्याग्रहांची आठवण आपण दरवर्षी काढतो. त्यांत कापले गेले होते ते गवत, हे मात्र विसरतो.

स्वातंत्र्य आले, पण कुरणाची व्यवस्था फारशी बदलली नाही. कुरणातल्या गवताचा लिलाव, आणि लिलावात ज्याच्या हाती पैसा तो ठेकेदार. ज्याच्याकडे चार शेळ्या आणि एक गाय आहे त्याने लिलावात काय बोलावे? ठेकेदार रस्त्यालगतचे, गाडी जाईल तेथले गवत कापतो. वरच्या उताराचे उभेच राहते. ज्याला ते हवे आहे त्याला विळा घेऊन आत जाता येत नाही. काडीपेटी मात्र नेता येते, कारण तिला आवाज नाही. त्याच्यापुढे दोनच मार्ग राहतात. गवत वाया जाऊ द्यावयाचे, किंवा रात्री काडी लावून चैत्रात दोन बोटे कोंब चारून घ्यावयाचे. जी वस्तू आपली नाही तिच्या पुढच्या वर्षाची काळजी कोण करील?

दुसरीकडे गावातला चारा आटत गेला. ज्वारी होती तेव्हा कडबा होता. गिरणेच्या पाण्याने बागायत आली, २००२ नंतर बीटी कापूस आला, आणि ज्वारीचे क्षेत्र आकसत गेले. पऱ्हाटी काही बैल खात नाही. गायरानांचे म्हणाल तर पुष्कळ गावांत ती कागदावर आहेत. कोठे घरे झाली, कोठे सरकारी इमारती उभ्या राहिल्या, कोठे गावच्या वजनदारांनी नांगर घातला. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी सार्वजनिक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचे आदेश दिले. पण ते अमलात आणताना पहिला बुलडोझर भूमिहीनाच्या झोपडीवर जातो आणि बड्या अतिक्रमणाची फाईल फिरत राहते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. जाता जाता हेही सांगतो की भूमिहीनाने पोटासाठी कसलेले गायरान आणि धनिकाने गिळलेले गायरान यांना मी एका मापाने मोजत नाही.

मग करावयाचे काय? मी तोडगा देणारा वैदू नव्हे, पण दोन-तीन गोष्टी मला स्पष्ट दिसतात. पहिली ही की कापलेल्या गवताला आग लागत नाही. पवन्या-मारवेल भाद्रपद-आश्विनात फुलोऱ्यावर असताना कापले तर सकस वैरण हाती येते, आणि मार्चमध्ये जाळण्यासारखे काही उरत नाही. सगळे एकदम कापू नये. चौथा हिस्सा दरवर्षी बी गळेपर्यंत राखावा आणि तो हिस्सा फिरता ठेवावा. यासाठी यंत्र लागत नाही, विळा लागतो आणि आत जाण्याचा हक्क लागतो. हा हक्क मिळविण्याची एक वाट कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वननिवासी समाजाच्या चराईच्या हक्काला मान्यता दिली आणि सामूहिक वनाचे रक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकारही मान्य केला. डोंगराच्या पायथ्याच्या गावांनी ते दावे केले पाहिजेत. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने चारशेहून अधिक हेक्टर जंगल स्वतःच्या नियमांनी राखून दाखविले. त्या कामासाठी चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री देण्यात आली. तेथे पहारा गावाचा आणि दंडही गाव ठरवते. एक सावधगिरीचा शब्द मात्र सांगितला पाहिजे. चराईबंदी करावयाची तर ज्याच्याकडे फक्त शेळ्या आहेत त्याच्या वाट्याचे गवत आधी ठरवा. नाहीतर बंदीचा भार शेळीवाल्यावर आणि वाढलेल्या गवताचा लाभ म्हशीवाल्यावर, असा समाजवाद आपल्याकडे पुष्कळदा झालेला आहे.

आपला तालुका बहुतेक काळ्या जमिनीचा आणि सपाट. येथे डोंगर नाही, म्हणून हे सारे चाळीसगाव-पाचोऱ्याच्या डोंगरकाठच्या लोकांना सांगा, असे म्हणू नका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात याच भडगावात सरकारी प्रयोगशेती होती. ती साहेबाची होती आणि त्याच्या डोळ्यांपुढे मँचेस्टरचा कापूस होता. आपण आपला प्रयोग करू. गावच्या गायरानात किंवा एखाद्या लांबलचक बांधावर दहा-दहा पावलांचे चार तुकडे आखा. एक दर मार्चमध्ये जाळा. एक तीन वर्षांतून एकदा, माघात जाळा. एक फुलोऱ्यात कापा. एकाला हात लावू नका. चारही तुकड्यांना काटेरी कुंपण घाला, पण जाळलेल्या पहिल्या तुकड्याचा अर्धा भाग शेळ्यांना मोकळा ठेवा, कारण आपला खरा व्यवहार तोच आहे. शाळेतली मुले दरवर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हातभर चौकट टाकून तीत पवन्याची, मारवेलची, कुसळीची आणि कुंद्याची जुडगी किती, ते मोजून वहीत लिहितील. जाळताना पाण्याचे पिंप आणि चार माणसे हाताशी असू द्या, आणि शेजाऱ्याची गंजी किती लांब आहे ते आधी पाहून घ्या.

पाच वर्षांची ती वही तयार झाली की मला बोलवा. मी येईन तेव्हा मी ऐकणार आणि मुले बोलणार, असे आजच ठरवून टाकू.